पेटारीचा शिक्का

"जाय, पोची जाय."

प्रत्येक अर्जाला ते एवढंच सांगायचे आणि कागदावर हलकी फुंकर मारायचे. त्याआधीचा विधी ठरलेला होता. शर्टाच्या खिशातून पेटारीचं फळ काढायचं, स्टॅम्पपॅडवर दाबायचं आणि अर्जाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात टेकवायचं. कागदावर नाण्याएवढं निळं चक्र उमटायचं. त्या चक्राला सरकारदरबारी काडीची किंमत नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी तेरा वर्षांत त्यांच्या हातून चक्राशिवाय सुटलेला एकही अर्ज मी पाहिला नाही. एक तरी तसाच सुटायला हवा होता, असं आता वाटतं.

पेटारी तुम्ही पाहिलेली आहे. नाव माहीत नसेल, पण पाहिलेली आहे. पडक्या भिंतीशी, उकिरड्याच्या कडेला छातीएवढं झुडूप वाढतं, पान मऊ लव असलेलं, फूल पिवळं आणि दुपार कलल्यावर उमलणारं. फळ गोल, दातेरी, कप्प्याकप्प्यांचं. लहानपणी तुम्ही ते शाईत बुडवून वहीवर शिक्के मारलेही असतील. मग आपण मोठे झालो आणि खऱ्या शिक्क्यांच्या मागे लागलो. त्यांनी दोन्ही धरून ठेवले.

आमची कचेरी नंदुरबार जिल्ह्यात आहे, इतकंच सांगतो. तालुके सहा आहेत, त्यातला कोणता ते विचारू नका, कारण मी अजून तिथेच बसतो आणि निवृत्तीला चार वर्षं बाकी आहेत. माझं टेबल आवक-जावकचं. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा. मधे त्याचं काय होतं ते बघणं हे माझ्या टेबलाचं काम नाही. हे वाक्य मी बदली होऊन आलो त्या दिवसापासून मोठ्या तोऱ्यात म्हणत आलो आहे.

फाटकाबाहेर कडुनिंब आहे. त्याच्याखाली एका दगडावर गोणपाटाची घडी टाकून ते बसायचे, समोर उलटा ठेवलेला लाकडी खोका. पांढरा शर्ट, ढगळ पँट, रेक्झिनचा पट्टा. पूर्वी ते रबरी शिक्के करायचे. ब्लेडने रबर कोरून उलटी अक्षरं काढायची, लाकडी मुठीवर चिकटवायची. आमच्या कचेरीतले निम्मे शिक्के त्यांच्या हातचे होते: 'आवक', 'तातडीचे', 'परत'. पुढे नंदुरबारला मशीनवर शिक्के निघायला लागले आणि त्यांचं ब्लेड गंजलं. मग ते अर्ज लिहू लागले. लोक मात्र त्यांना शिक्काबाबाच म्हणत राहिले. साहेब, शिपाई, चहावाला, मी, सगळेच.

त्यांचं खरं नाव मला माहीत नव्हतं. हसू नका. तुमच्या दारात रोज येणाऱ्या दूधवाल्याचं पूर्ण नाव तुम्हाला ठाऊक आहे का, ते आधी आठवून बघा. तेरा वर्षं मी त्या माणसासोबत चहा प्यालो आणि नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही. नाव विचारायची सवय फक्त खिडकीतून, आणि ते खिडकीपाशी कधी उभे राहिले नाहीत.

सपाटीवरच्या माणसाशी ते अहिराणीत बोलत, डोंगरातून आलेल्याशी त्याच्या भाषेत, मारवाडी दुकानदाराशी हिंदीत, आणि कागदाशी शुद्ध मराठीत. "विनंती अर्ज करण्यास कारण की" हे शब्द त्यांचं पेन आपणहून लिहायचं. अक्षर छापल्यासारखं. वरच्या पाड्यांवरची माणसं दोन दोन बस बदलून यायची आणि सेतू केंद्राच्या एसीत जायच्या आधी या दगडापाशी बसायची. सगळं ऑनलाइन झालं आहे हे खरं, पण आमच्याकडे नेट असतं तेव्हा लाईट नसते. नाव दुरुस्तीचा कागद तर अजून दारातल्या लोखंडी पेटीतच पडतो.

एकदा एका पावरा बाईचा अर्ज मी नोंदवून घेतला. नेट कॅफेत टाईप केलेला, स्वच्छ. बाई खिडकीतून हलेना. डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून काहीतरी सांगू लागली. मला भाषा कळेना, मी चिडलो. तिने कागद माझ्या हातून ओढला, फाटकाबाहेर गेली आणि चक्र मारून घेऊन परत आली. मग हसून घरी गेली.

मी तिच्यामागून बाहेर गेलो. "बाबा, तो सरकारी शिक्का नाही हे तिला सांगा ना!"

"माले माहीत शे, तुमले माहीत शे," ते म्हणाले. "तिले कशाले सांगतस? ती आते बिनघोर घर जाई."

"हे एक दिवस अंगाशी येईल."

"मन्हा अंगले आते काय येनार शे, भाऊसाहेब?" आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

आता माझी गोष्ट. लिहायलाच बसलो आहे तर लाज कशाला. मला मूळव्याध होती. आवक-जावकच्या टेबलाला ती पगारासोबतच मिळते. बायकोने हवा भरायची गोल उशी आणून दिली, शिपाई तिला भाऊसाहेबांचं टायर म्हणायचा. घरी डॉक्टरांचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. दाखवायचं म्हणजे काय काय दाखवावं लागेल, या विचारानेच मला घाम फुटायचा.

एका सकाळी नळावर हात धुताना ते शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही आते खुर्चीना काठवर बठतस."

मी हात पुसत आत निघून गेलो. दुपारी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेली पुडी, फायलीच्या नाडीने बांधलेली, वर छापील अक्षरात 'तातडीचे'. आत पेटारीची कोवळी पानं. संध्याकाळी फाटकाशी त्यांनी कृती सांगितली. मुगाच्या डाळीत पानांची भाजी, तेल नावाला, मिरची अजिबात नाही. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "पंधरा दिन. रगत थांबनं ते ठीक. नही थांबनं ते पान बंद. सोळावा दिन पेटारीना नही, डाक्टरना शे."

नवव्या दिवशी थांबलं. पानाने थांबलं की मिरची सोडल्याने, ते देव जाणे. मी टायर शिपायाला देऊन टाकलं. ही गोष्ट त्यांनी कुणाला म्हणून कळू दिली नाही. पुढे मला कळलं की कचेरीतल्या निम्म्या टेबलांवर तशा पुड्या जातात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपली एकट्याचीच. प्रत्येकाला त्यांनी ते पंधरा दिवस सांगितले होते. दोघांना सोळाव्या दिवशी स्वतः बसमध्ये बसवून डॉक्टरकडे धाडलंही होतं.

ही पेटारी कुठून यायची तर कचेरीच्या मागून. कंपाउंडची भिंत आणि भंगारात निघालेली जीप यांच्यामधल्या पट्टीत त्यांनी बिया टाकून ठेवल्या होत्या. तिथेच खाली चिकणाही होता, गुडघ्याएवढा, चिवट. शिपायाच्या पायाला पत्रा लागला तेव्हा त्यांनी चिकण्याचा पाला चुरून बांधला. कुणाच्या घरी बाळंतीण असली की चिकण्याचं मूळ धुऊन द्यायचे, दुधात उकळून घ्यायला. लघवीला जळजळ असली तर पेटारीचं बी. मात्र तोडायचा नियम होता. एका झाडाची पाच पानं, सहावं नाही.

मला ते एकदा तिथे घेऊन गेले आणि फुलं दाखवली. पेटारीचं, चिकण्याचं, आणि पलीकडच्या शेतातलं कपाशीचं. "दखा. पाच पाकळ्या, मधमा दांडी. भेंडी दखा, अंबाडी दखा, जास्वंद दखा. या सगळा एकच रेशनकार्डवरला."

मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन मी मोबाईलवर शोधलं. खरंच एक कूळ निघालं. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "बाबा, तुमच्या चिकण्याला आयुर्वेदात बला म्हणतात. आणि पेटारीला अतिबला!"

त्यांचा हात थांबला. "बला? बला ते संकटले म्हनतस. अति म्हनजे मोठी ना?"

मी समजावलं की इथे बला म्हणजे बळ. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावरचं सावट गेलं नाही. "झाडले असं नाव नका देवा, भाऊसाहेब. आयकस ते." मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आले. "भाऊसाहेब, तो टोच्या द्या जरासा." फायलींना भोकं पाडायचा आमचा टोच्या. त्यांनी पट्टा काढला, शेवटच्या भोकाच्या पुढे आणखी एक भोक पाडलं आणि टोच्या पुसून परत दिला. "पट्टा सैल व्हयना," म्हणाले. मी म्हटलं, "पट्टा नाही बाबा, तुम्ही बारीक झालात. आम्हालाही सांगा की युक्ती." आणि माझ्याच विनोदावर मी हसलो.

उन्हाळ्यात टोच्या पुन्हा मागितला. तेव्हा मी विनोद केला नाही.

मग मला एकेक दिसायला लागलं. म्हणजे डोळ्यांसमोर होतंच, मी बघायला लागलो. गोणपाटाची घडी ते रोज संध्याकाळी नळावर धुऊन भिंतीवर वाळत टाकायचे. एवढं काय त्या गोणपाटाला धुवायचं? मग दगडावर बसणं सुटलं, खोक्यावर खोका ठेवून उभ्याने लिहू लागले. लिहिता लिहिता एका हाताने कडुनिंब धरायचे. एकदा मी सहज मागच्या पट्टीत गेलो. पेटारीची खालची पानं गेली होती, मधली गेली होती, शेंड्याला पोपटी कोंब तेवढे उरले होते. पाच पानांचा नियम कुणीतरी मोडला होता, आणि त्या पट्टीत त्यांच्याशिवाय कुणी जात नसे.

मी जाऊन विचारलं, "बाबा, पंधरा दिवस झाले का?"

त्यांना लगेच कळलं. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मोजस कोन, भाऊसाहेब?"

तिथेच मी हात धरायला हवा होता. नाही धरला. त्यांनी माझं दुखणं झाकलं होतं, मी त्यांचं झाकलं. आपण याला सभ्यपणा म्हणतो. पाऊस सुरू झाला, पेटारीला नवी पानं फुटली, ती पानंही लागलीच गेली.

पोळ्याच्या सुमारास त्यांची मुलगी पुरुषोत्तमनगरहून आली आणि त्यांना बळेच दवाखान्यात घेऊन गेली. चार दिवसांनी ते परतले ते सरळ माझ्या खिडकीशी. रांगेत उभे राहिले, त्यांचा नंबर आल्यावर बोलले.

"आतडामा गाठ शे म्हने. कापनी पडी. दिवाळीना आगोदर व्हयनं ते व्हयनं, मंग उपेग नही म्हने."

ते अर्जातला मजकूर सांगावा तसं सांगत होते. नाशिकला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन फुकट होणार होतं, सरकारी योजनेत. पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं. रेशनकार्डावर एक काना जास्त पडला होता. मशीन नाव घेत नव्हतं.

"इतला लोकेसना नावं सुधारात," ते म्हणाले, "मन्हंच राही गयं."

"अर्ज आत्ता लिहा आणि माझ्या हातात द्या. आजच्या आज पुरवठ्याच्या टेबलावर नेतो."

"हातमा नही. पेटीमा टाकसू. बाकीना टाकतस तसा."

"अहो, ही काय वेळ आहे का?"

खिडकीच्या गजाला धरून ते म्हणाले, "तीस वरीस लोकेसले सांगं, कागद आपसूक पोचस, कोना पाय धरानं काम नही. आते मीच मन्हा कागद हातमा दिसू का?"

त्यांच्या मागे रांग होती. मी म्हटलं, "बरं बाबा, पण लवकर टाका." मागच्या माणसाने कागद पुढे केला आणि मी तो घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मला निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जुंपलं. आठ दिवस मी मशीनची बटणं दाबायला शिकत होतो. परत आलो तर पेटी तुडुंब. कडुनिंबाखालचा दगड रिकामा. चहावाला म्हणाला, "बाबा पोरीकडे गयात. जावाना आगोदर पेटीमा कायतरी टाकीसन गयात." मी दिवसभर मान मोडून साठसत्तर कागद नोंदवले. सगळे त्यांच्याच अक्षरातले, सगळ्यांच्या कोपऱ्यात चक्र. त्यातला त्यांचा कोणता, ते मी शोधू शकलो नाही, कारण नाव माहीत नव्हतं. नाव दुरुस्तीचेच पंचवीस-तीस होते. काना-मात्रा ताडून बघायचं म्हणून मी ते वेगळे काढले, मग साहेबांनी बोलावलं आणि पुन्हा एकत्र ठेवले.

पुरवठ्याच्या टेबलावर जाऊन सांगितलं, "शिक्काबाबांचा कागद येईल, तेवढा आधी काढ."

"नाव काय त्यांचं?" तिथल्या कारकुनाने विचारलं.

मी म्हटलं, "ते आले की विचारतो." फोन नंबर कुणाकडे नव्हता. पुरुषोत्तमनगर काही विलायत नाही, शहाद्याच्या बसमध्ये बसलो असतो तर दुपारपर्यंत पोचलो असतो. रविवारी जाऊ, असं ठरवलं. रविवारी पाहुणे आले.

त्याच आठवड्यात आमच्याकडे नवे साहेब रुजू झाले. माणूस सरळ, कामाला चोख. त्यांनी माझ्या टेबलावरचा कागद उचलला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"अर्ज लिहिणाऱ्याचं चिन्ह आहे साहेब. पेटारीच्या फळाचं."

"लोकांना हा शिक्का सरकारी वाटतो, असं मी ऐकलं. उद्या कुणी असाच मारून त्यांना लुबाडलं तर जबाबदार कोण?" प्रश्न बरोबर होता. "असे जेवढे कागद पडून आहेत, ते परत करा. शेरा लिहा, अनधिकृत चिन्ह. कोऱ्या कागदावर पुन्हा अर्ज करू द्या."

मी म्हणू शकलो असतो की साहेब, यातला एक कागद एका माणसाच्या जिवाचा आहे, तेवढा शोधू द्या. म्हटलं नाही. नवे साहेब, पहिला आठवडा. शिवाय मनाने घेतलं होतं की बाबांचा कागद एव्हाना वर गेला असेल. कुणी नेला, कधी नेला, हे मनाला विचारलं नाही.

त्या दुपारी मी एकही कागद वाचला नाही. फक्त डावा खालचा कोपरा बघायचा, चक्र दिसलं की 'परत'चा शिक्का मारायचा, शेरा लिहायचा, सही करायची, रजिस्टरात नाव उतरवायचं, पाकिटात घालायचं. चाळीसेक झाले. चहाच्या आत टेबल रिकामं झालं आणि मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

साहेबांनी कचेरीचा परिसरही साफ करून घेतला. जीप लिलावात गेली. मागच्या पट्टीत तणनाशक फवारलं. पेटारी दोन दिवस तशीच उभी होती. तिसऱ्या दिवशी तिची पानं खाली लोंबली, चौथ्या दिवशी काळी पडली. पलीकडच्या शेतात कपाशी फुलावर होती. मला ते एकच रेशनकार्ड आठवलं आणि मी खिडकी लावून घेतली.

दिवाळी आली, गेली. दगडावर आता सेतूच्या रांगेतली माणसं चपला ठेवत होती. रोज सकाळी फाटकातून शिरताना मी त्या बाजूला बघायचो नाही. मनात धाकधूक असली की माणूस तिकडे पाठ करतो, तुम्हालाही अनुभव असेल.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी एक बाई खिडकीशी आली. चाळिशीची, डोक्यावर पदर. "नाव कमी करनं शे, साहेब. रेशनकार्डवरथून. मयतनं."

"मयताचं पूर्ण नाव सांगा."

तिने सांगितलं. मी रजिस्टरात लिहू लागलो आणि आडनावापाशी माझं पेन अडलं. हे नाव माझ्या हाताने आधी लिहिलं होतं, हात सांगत होता. मी पानं मागे उलटली. एकदा आवकमध्ये होतं. पुढे जावकमध्ये होतं, शेजारी 'परत'. विषय: रेशनकार्डावरील नाव दुरुस्त करणेबाबत.

"तुमचे वडील काय करायचे?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"अठेच बठेत. झाडखाले. शिक्का मारेत."

मी तिला आत बोलावून खुर्ची दिली. ती पदराशी चाळा करत सांगत होती. पाकीट गावच्या पत्त्यावर गेलं होतं, शेजाऱ्याने आठवड्याने पुरुषोत्तमनगरला पोचवलं. बाबांनी अंथरुणातच उघडलं.

"त्यासनी कागद खिडकीना उजेडमा धरा," ती म्हणाली. "म्हने, ये 'परत' मन्हाच हातना शे. इतला वरीस व्हयनात, आजून कसा साफ उमटस दख."

"आणि?"

"मंग खालनं वाचं. म्हने, चूक मन्हीच शे, शिक्का माराना नही पाहिजे व्हता. दुसरा लिखसू म्हने. पन हात उचले नही."

"मग तू का आली नाहीस, ताई? मला येऊन सांगायचं. मी इथेच होतो."

"मी निंघनू व्हतू. त्यासनीच नही म्हनं. तुमनं अक्षर वळखं त्यासनी. म्हनेत, नको जाऊ, भाऊसाहेबले वाईट वाटी."

मला वाईट वाटू नये म्हणून. हे वाक्य ऐकून मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? काही नाही केलं. रजिस्टरच्या पानावर हात सपाट ठेवून बसून राहिलो. माझ्या एका बसच्या तिकिटाएवढं अंतर होतं, माझ्या एका प्रश्नाएवढं. तुमचं नाव काय हो, बाबा? तेरा वर्षांत एवढंच विचारायचं होतं.

मग मी तिचा अर्ज समोर ओढला. सोबत दाखला होता, कार्ड होतं, सगळं जागच्या जागी. डाव्या खालच्या कोपऱ्यात निळं चक्र होतं. एका बाजूने फिकट, दोन आरे तुटलेले.

"डबीमा एकच सुकेल फळ व्हतं," ती म्हणाली. "दाबताना फुटी गयं, बी सांडनं. माले माहीत शे साहेब, ये परत व्हई. पन बाबाना कागद बिगर शिक्काना कसा धाडू? परत करा, मी दुसरा लई येसू."

'परत' माझ्या उजव्या हाताशीच होता. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला, 'आवक' उचलला आणि मारला. तोही त्यांच्याच हातचा. कागद घेऊन मी स्वतः वर गेलो आणि पुरवठ्याच्या टेबलावर ठेवला. कुणाचा कागद हातात घेऊन तो जिना मी इतक्या वर्षांत चढलो नव्हतो.

चौथ्या दिवशी तो खाली आला. 'नाव कमी केले', असा शेरा होता. जास्तीचा काना तसाच होता, त्यासकट नाव कमी झालं होतं. कोपऱ्यातल्या चक्राला साहेबांपासून कुणीही हरकत घेतली नव्हती. मी जावक लिहिली. खोलीत कुणी नाही असं बघून कागद उचलला, फुंकर मारली, आणि "जाय" म्हणायला तोंड उघडलं. पुढचे शब्द आले नाहीत. त्यांचा कागद पोचला होता.